एक हशा आणि २४ वर्षांच्या पळवाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सातवीत वर्गात उभं राहून धडा वाचताना आवाज थरथरला आणि मुलं हसली. आज वय ३६ आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की तोच थरथरता आवाज, घशाला कोरड, पोटात गोळा. घरचे म्हणतात, हा स्वभावच आहे. त्या एका प्रसंगानं मन असं घडलं का? आणि या वयात ते बदलतं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदलतं. ते कसं बदलतं याची यंत्रणा मानसशास्त्राला बरीच नीट माहीत आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेकांना वाटतं तसं नाही. सातवीतल्या त्या हशानं ठिणगी टाकली असेल, पण नंतरच्या २४ वर्षांत तुम्ही जे पुन्हा पुन्हा टाळलंत, त्यानं ती धगधगत ठेवली. हा फरक कळला की उपायाची अर्धी वाट दिसते, म्हणून आधी त्यावर थोडं सविस्तर.

घरचे 'स्वभाव' म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त त्यांना वाटतं तेवढं नाही. हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, वेगवेगळे वास दिले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं, पाठ ताणायचं, रडायचं. पुढे दुसऱ्या वर्षी यातली बरीच मुलं अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपणारी निघाली. पण मुलं किशोरवयात येईपर्यंत पाठपुरावा केल्यावर दिसलं की सातत्यानं बुजरी राहिलेली मुलं थोडीच होती. बहुतेक जण मधल्या पट्ट्यात आले होते. अगदी बिनधास्त, धीट गटात मात्र त्यांतलं क्वचितच कुणी पोहोचलं. म्हणजे जन्मजात घडण तुम्हाला शेताचा बांध आखून देते, आत काय पिकेल ते ठरवत नाही.

जुळ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांची माहिती होती आणि सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढली तर आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के आला. हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. तुमच्या बुजरेपणातला ४९ टक्के भाग आईवडिलांचा आणि ५१ टक्के तुमचा, असा त्याचा अर्थ नाही. शेतातली ज्वारीची ताटं उंच-बुटकी का झाली, त्या फरकात बियाण्याचा वाटा किती, असा तो हिशेब असतो. एकाच ताटाची उंची अशी वाटून सांगता येत नाही.

आता भीती शिकली कशी जाते ते पाहू. १९२० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी ११ महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवला आणि त्याच वेळी मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला. असं एकूण सात वेळा केल्यावर नुसता उंदीर पाहूनही ते बाळ रडू लागलं. पुढे ससा, कुत्रा, फरचा कोट यांनाही ते बिचकू लागलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते हेच. हा प्रयोग एकाच बाळावर झालेला, आजच्या कसोट्यांवर कच्चा आणि नैतिक दृष्टीनं अक्षम्य आहे. त्या बाळाची भीती घालवण्याचा प्रयत्नही कुणी केला नाही. म्हणून त्यापेक्षा महत्त्वाचं काम मानायला हवं ते मेरी कव्हर जोन्स यांचं. १९२४ मध्ये त्यांनी सशाला घाबरणाऱ्या, तीन वर्षांच्या आतल्या एका मुलाला त्याच्या आवडीचं खाणं देत देत पिंजऱ्यातला ससा दर वेळी थोडा जवळ आणला. सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही सोबत ठेवली. शेवटी तो मुलगा सशाला आपली बोटं कुरतडू देत होता. भीती शिकता येते हे कळल्यावर चारच वर्षांत ती उलटवताही येते हे समोर आलं, पण सर्वसामान्य माणसाला पहिलीच गोष्ट लक्षात राहिली.

भीती शिकायला स्वतःला चटका बसावाच लागतो असंही नाही. सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांना दुसरं माकड सापाला घाबरताना दाखवलं. त्यांनी ती भीती झटकन उचलली आणि महिन्यांनंतरही ती टिकली. मात्र काही माकडांनी आधी सापाजवळ निर्धास्त वागणारं माकड पाहिलं होतं. त्यांच्यावर घाबरलेल्या माकडाचा परिणाम फारसा झाला नाही. घरातल्या मुलांसमोर मोठी माणसं बँकेच्या साहेबापुढे, शिक्षकांपुढे, सोसायटीच्या सभेत कशी वागतात, 'चार लोकांत तोंड उघडू नकोस' असं किती वेळा म्हणतात, हे सगळं या दृष्टीनं पाहावं. सातवीत जो हशा झाला तो ४० मुलांनी ऐकला असेल. त्यातल्या ज्यांना आधी वर्गात चूक होऊनही निभावल्याचा अनुभव होता, त्यांच्या अंगाला असा हशा सहसा चिकटत नाही.

आता मुख्य मुद्दा. शिकलेली भीती पुन्हा पुन्हा खोटी ठरली तर विरायला हवी. उंदीर दिसला आणि हातोडा वाजला नाही, असं पुरेशा वेळा झालं की घाबरणं कमी होतं. मग तुमची भीती २४ वर्षं कशी टिकली? याचं उत्तर १९४७ मध्ये ओ. होबार्ट माउरर यांनी मांडलं: भीती जडते एका मार्गानं आणि टिकते दुसऱ्या मार्गानं. टिकवणारा मार्ग म्हणजे सुटका. मॅनेजर म्हणतात, 'सोमवारी अपडेट तुम्ही द्या.' छातीत धडधड सुरू होते. तुम्ही म्हणता, 'या वेळी सहकाऱ्यालाच देऊ द्या, काम त्यानं केलंय.' दोन मिनिटांत छाती हलकी होते. हा हलकेपणा मेंदूच्या लेखी बक्षीस असतो, आणि ज्या कृतीनंतर बक्षीस मिळतं ती कृती पुन्हा होते. शिवाय मन एक खोटा हिशेब मांडतं: 'मी बोललो नाही म्हणून वाचलो.' बोलला असता तर काय झालं असतं, हे तपासायची संधीच मिळत नाही. आठवड्याला एक टाळाटाळ धरली तरी वर्षाला ५० आणि २४ वर्षांत १२०० होतात. एका बाजूला एक हशा आणि दुसऱ्या बाजूला १२०० वेळा मिळालेलं बक्षीस. मन कुणी घडवलं हे या तराजूत दिसतं.

इथं बरेच जण म्हणतात, 'पण मी टाळत नाही, मीटिंगला जातो, बोलतोही, तरी भीती जात नाही.' हे खरं असतं आणि इथंच सगळ्यात जास्त माणसं अडकतात. कारण टाळाटाळ उघड असते तशी छुपीही असते. भिंतीलगतची खुर्ची धरणं, कॅमेरा बंद ठेवणं, कागदावरून शब्दन् शब्द वाचणं, प्रत्येक वाक्य मनात जुळवून मगच बोलणं, भरभर बोलून मोकळं होणं, पेला दोन्ही हातांनी घट्ट धरणं, 'आज घसा बसलाय' असं आधीच सांगून ठेवणं, फक्त स्लाइडकडे पाहत राहणं. या कुबड्या आहेत. मीटिंग नीट पार पडली तरी श्रेय कुबडीला जातं: 'कागद होता म्हणून निभावलं.' आणि वाईट म्हणजे, यातल्या कित्येक कुबड्या ज्याची भीती वाटते तेच घडवतात. पेला घट्ट आवळला की हाताचे स्नायू ताणून थरथर वाढते. भरभर बोलल्यावर वाक्याच्या शेवटी श्वास पुरत नाही आणि आवाज कापतो. वाक्य मनात जुळवत बसलं की समोरच्याचा प्रश्न ऐकूच येत नाही आणि उत्तर भलतंच जातं.

१९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी या भीतीचा जो नकाशा मांडला, त्यात कुबड्यांच्या जोडीला दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे ती लक्षाची दिशा. बोलताना तुमचं लक्ष लोकांकडे नसतं, स्वतःच्या घशावर, हातावर, तापलेल्या कानांवर असतं. आतून जे जाणवतं त्यावरून तुम्ही बाहेरचं चित्र रंगवता: 'मला इतकं थरथरल्यासारखं वाटतंय, म्हणजे सगळ्यांना दिसत असणार.' कॉर्नेल विद्यापीठातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घालणाऱ्यांचा अंदाज होता की जवळपास निम्म्यांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात पावभागापेक्षाही कमी लोकांनी ओळखलं होतं. लोक आपापल्या कानांच्या तापण्यात गुंतलेले असतात.

आता त्या सातवीच्या आठवणीबद्दल. ती मनात कुठून दिसते ते पाहा. तुमच्या डोळ्यांतून दिसते, म्हणजे हातातलं पुस्तक, पुढची बाकं, मास्तरांचं टेबल? की वर्गाच्या एखाद्या कोपऱ्यातून, जिथं मध्ये एक लालबुंद चेहऱ्याचा मुलगा उभा आहे? चारचौघांत बोलायची भीती असलेल्या लोकांना असे प्रसंग फार वेळा दुसऱ्या पद्धतीनं, बाहेरून आठवतात. पण तो कोन तुमच्या डोळ्यांना कधीच मिळाला नव्हता. म्हणजे ते चित्र निदान अर्धं तरी नंतर रंगवलेलं आहे. आठवण अशी नंतर रंगते हे एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दाखवलं. मोटारींच्या टक्करीची एकच फिल्म पाहिलेल्यांना वेग विचारताना ५० जणांना 'गाड्या एकमेकींवर धडकून त्यांचा चुराडा झाला तेव्हा' आणि दुसऱ्या ५० जणांना 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा' अशा अर्थाची शब्दयोजना वापरली. आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. पहिल्या गटातल्या १६ जणांनी 'हो' म्हटलं, दुसऱ्यातल्या ७ जणांनी. एका शब्दानं एवढं होतं, तर 'सगळा वर्ग हसला' हे स्वतःला २४ वर्षं सांगत राहिल्यानं काय होत असेल?

यासाठी एकदाच, २०-२५ मिनिटं घेऊन हे करावं. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं लिहा. उजवीकडे 'सगळ्यांना मी मूर्ख वाटलो', 'मास्तरांनी तेव्हापासून मला नालायक ठरवलं' अशी तेव्हा किंवा नंतर काढलेली अनुमानं लिहा. 'सगळे हसले' हे वाक्य डावीकडे लिहिताना थांबा: किती चेहरे खरोखर आठवतात? बहुतेकांचा आकडा दोन-तीनवर येतो. मग आज तुमच्यासमोर बारा वर्षांचं एखादं मूल असं अडखळलं तर तुम्ही त्याच्याविषयी काय मत कराल, ते खाली चार ओळींत लिहा. एवढं पुरे. महिनोन्‌महिने बालपण उकरत बसल्यानं मीटिंगमधली भीती जात नाही. कारण ती आता सातवीच्या वर्गात राहत नाही, सोमवारच्या टाळाटाळीत राहते. अपवाद एकच: मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा सततचा अपमान असं काही मागे असेल, तर ते एकट्यानं उकरू नये, प्रशिक्षित उपचारकासोबतच हाताळावं.

आता प्रत्यक्ष सराव. त्याआधी एक चाचणी करा. तीच माहिती बंद खोलीत एकट्यानं, मोठ्यानं, पाच मिनिटं सांगून पाहा. तिथं नीट जमत असेल तर अडचण भीतीची आहे. एकट्यानंही वाक्यं सुचत नसतील तर कौशल्यही कमी आहे. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत मीटिंग करणाऱ्या अनेकांमध्ये हे दोन्ही मिसळलेलं असतं आणि दोन्हीचा दोष 'घाबरटपणा'वर जातो. कौशल्य कमी असेल तर रोज १५ मिनिटं त्या भाषेत मोठ्यानं बोलायचा सराव वेगळा करावा लागेल. नुसतं धैर्य वाढवून शब्दसंग्रह वाढत नाही. आणि एकटं असतानाही आवाज किंवा हात थरथरत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडची अतिक्रिया, दम्याचे काही पंप, दिवसाला सहा-सात कप चहा-कॉफी, किंवा घराण्यात चालत आलेला कंप, यांनीही थरथर होते, आणि तिच्यावर हा सराव चालत नाही.

एक वही करा. पानावर पाच रकाने: काय करणार, माझं भाकीत, कोणती कुबडी सोडणार, प्रत्यक्षात काय झालं, काय कळलं. सगळा जीव भाकिताच्या रकान्यात आहे. 'वाईट होईल' हे भाकीत नाही, कारण ते तपासता येत नाही. 'मी बोलताना निदान तिघं जण हसतील किंवा एकमेकांकडे पाहतील', 'मी १० सेकंद गप्प झालो तर कुणीतरी मला तोडून स्वतः बोलायला लागेल', 'प्रश्न विचारल्यावर मॅनेजर चिडून उत्तर देतील', ही भाकितं आहेत. शेजारी ती खरी ठरेल असं किती टक्के वाटतं तेही लिहा. शिकणं होतं ते अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या अंतरामुळे. हे तत्त्व रॉबर्ट रेस्कॉर्ला आणि ॲलन वॅगनर यांनी १९७२ मध्ये गणितात बसवलं. अंतर जितकं मोठं तितकं शिक्षण जास्त. म्हणून ९० टक्के खात्री असलेलं भाकीत फसलं की १० टक्केवालं फसण्यापेक्षा कितीतरी जास्त काम होतं.

प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकाला ० ते १०० गुण द्या, ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे असह्य. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पी यांनी रूढ केली. १२ ते १५ प्रसंग हवेत आणि सुरुवात ३० ते ४० गुणांच्या आसपास असावी. २० च्या खालचं करून काही शिकायला मिळत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात ९० ला हात घातला तर बहुतेक वेळा पळून येणं होतं. खालच्या पायऱ्या अशा असू शकतात: बसमध्ये मागच्या सीटवरून कंडक्टरला मोठ्यानं स्टॉप विचारणं, दुकानात तीन वस्तूंचे भाव विचारून काही न घेता निघणं, व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज एकदाच रेकॉर्ड करून न ऐकता पाठवणं. मधल्या पायऱ्या: घरातल्या दोघांसमोर उभं राहून तीन मिनिटं वर्तमानपत्रातली बातमी सांगणं, ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा सुरू ठेवून एक प्रश्न विचारणं, सोसायटीच्या सभेत हात वर करून पार्किंगबद्दल दोन वाक्यं बोलणं. वरच्या: टीमला कागदाशिवाय पाच मिनिटं अपडेट देणं, कार्यक्रमात आभारप्रदर्शन करणं, ज्याची सगळ्यात भीती वाटते त्या वरिष्ठांपुढे मतभेद मांडणं.

प्रत्येक वेळी एकच कुबडी सोडा, पण पूर्ण सोडा. आठवड्यातून चार-पाच वेळा सराव हवा. रविवारी एकदाच तासभर केलेला सराव त्याची जागा घेऊ शकत नाही. साधारण सहा ते आठ आठवडे धरून चला. बोलताना लक्ष मुद्दाम बाहेर न्या: समोर किती जणांनी चष्मा घातलाय, कोण लिहून घेतंय, मागच्या भिंतीचा रंग कोणता. हे आधी बिनधोक जागी जमवावं लागतं. चहाच्या टपरीवर उभं राहून पाच मिनिटं फक्त आजूबाजूचे आवाज आणि चेहरे टिपायचे, लक्ष आत वळलं की परत बाहेर आणायचं. दिवसाला दोनदा, दोन आठवडे केलं की मीटिंगमध्ये ते आपसूक होऊ लागतं.

व्हिडिओ हा परिणामकारक, पण बऱ्याचदा चुकीचा वापरला जाणारा उपाय आहे. तीन मिनिटं बोलताना मोबाइलवर चित्रण करा, पण लगेच पाहू नका. आधी डोळे मिटून, व्हिडिओत तुम्ही कसे दिसाल ते मनात पाहा आणि लिहा: आवाजाची थरथर १०० पैकी किती, चेहऱ्याची लाली किती, किती वेळा अडखळलो. मगच व्हिडिओ लावा आणि बातम्या देणारी कुणी अनोळखी व्यक्ती आहे अशा नजरेनं पाहा. जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच मोजा. बोलताना काय वाटत होतं ते पुन्हा आठवायचं नाही. तयारी न करता व्हिडिओ पाहणारा माणूस चित्र पाहतच नाही, ती धडधड पुन्हा अनुभवतो आणि 'बघा, किती वाईट' म्हणून बंद करतो. नीट पाहिलं तर ८० वाटलेली थरथर ३० च्या आसपास दिसते, असं फार वेळा होतं.

चार-पाच आठवड्यांनंतर पुढची पायरी: मुद्दाम चूक करणं. बोलता बोलता पाच सेकंद गप्प राहा. एखादा आकडा चुकवा आणि 'माफ करा, ४० नाही, १४' असं म्हणून पुढे जा. पेन खाली पडू द्या. विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणाऱ्या ॲल्बर्ट एलिस यांनी लाज वाटेल अशा निरुपद्रवी कृती मुद्दाम करण्यावर भर दिला तो यासाठीच. न चुकता बोलून तुम्हाला एवढंच कळतं की न चुकल्यास निभावतं. चुकल्यावर काय होतं हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चुकल्याशिवाय मिळत नाही.

एलिस यांचा आणखी एक मुद्दा इथं उपयोगी आहे. 'माझा आवाज थरथरताच कामा नये' ही मागणी आहे, आणि आवाजाला मागणी कळत नाही. तिच्या जागी 'थरथरला नाही तर बरं, थरथरला तरी मी वाक्य पूर्ण करीन' हे ठेवा. आरशासमोर 'मी आत्मविश्वासानं भरलेला आहे' असं म्हणणं मात्र सोडून द्या. मनाला ते खोटं माहीत असतं. 'घाबरू नकोस, शांत हो' असं स्वतःला दटावणंही उलटतं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून विचार आला की घंटा वाजवायला लावली, तर घंटा वाजतच राहिल्या. दडपलेला विचार पहारेकऱ्यालाच सोबत घेऊन परत येतो.

कुठं बिघडतं, तेही सांगायला हवं. भीती चढत्या टोकाला असताना निघून गेलात तर तो सराव न होता आणखी एक, १२०१ वी सुटका ठरते. निघावंच लागलं तर पाच मिनिटांत परत जा. दुसरं, खोल श्वास. घाबरल्यावर लोक मोठमोठे श्वास भराभर घेतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. श्वास घ्यायचाच असेल तर लहान घ्या आणि सावकाश, सहा मोजत सोडा, तोही बोलायच्या आधी. दर वाक्याला श्वास मोजत बसलात तर तीही एक कुबडी. तिसरं, रात्रीचं शवविच्छेदन: अंथरुणावर पडून मीटिंगचा प्रत्येक शब्द उलगडत बसणं. याला १० मिनिटांची मर्यादा घाला, वहीचे रकाने भरा, वही बंद करा. विचार परत आला तर 'लिहून झालंय' एवढंच म्हणा आणि हाताला काम द्या. चौथं, घरच्यांना 'मी बरं बोललो ना?' असं विचारत राहणं. त्यांच्या 'छान बोललास'नं त्या क्षणी बरं वाटतं, पण निकाल स्वतः वाचायची सवय लागत नाही.

आणि सर्वांत जास्त निराशा करणारी गोष्ट: चांगलं जमू लागलेलं अचानक जाणं. महिनाभर टीममध्ये बेधडक बोललेला माणूस नव्या ऑफिसात, नव्या साहेबापुढे पुन्हा थरथरतो आणि म्हणतो, सगळं फुकट गेलं. फुकट गेलेलं नसतं. शिकलेल्या प्रतिक्रियांचा अभ्यास करणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनाच कुत्र्यांमध्ये दिसलं होतं की विरलेली प्रतिक्रिया काही काळ गेल्यावर आपोआप परत येते. मार्क बाउटन यांच्या संशोधनातून पुढे स्पष्ट झालं की जुनं शिक्षण पुसलं जात नाही. त्यावर नवं शिक्षण बसतं, आणि ते नवं जिथं शिकलो त्या जागेला, माणसांना, परिस्थितीला बांधलेलं राहतं. म्हणून पायऱ्या एकाच खोलीत, त्याच चार जणांपुढे करू नका. सकाळी-संध्याकाळी, उभं राहून-बसून, मराठीत-हिंदीत-इंग्रजीत, ओळखीच्या आणि अनोळखी लोकांत विखुरून करा. क्रमही अधूनमधून मोडा. असं मिसळून केलेलं थोडं जड जातं, पण नव्या जागी टिकतं.

औषधांविषयी थोडक्यात. भीती खूप तीव्र असेल, सोबत उदासी असेल, किंवा त्यापायी नोकरी सोडायची वेळ आली असेल, तर मनोविकारतज्ज्ञ एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंतेवर दिली जाणारी) गोळी सुचवू शकतात. तिचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात आणि ती आपल्या मनानं बंद करायची नसते. प्रोप्रॅनोलॉल हृदयाची धडधड आणि थरथर कमी करतं म्हणून वादक-गायकांमध्ये प्रसिद्ध आहे, पण दमा असलेल्यांनी ते घेऊ नये, आणि कुणाच्याही सांगण्यावरून मेडिकलमधून आणू नये. झोपेच्या-शांततेच्या गोळ्या आणि बोलण्यापूर्वीचा एक पेग या दोन्ही कुबड्याच आहेत. त्यांच्या अमलाखाली शिकलेलं अंमल उतरल्यावर नीट कामी येत नाही आणि सवय लागते ती वेगळीच. उपचारकाकडे या पद्धतीचे उपचार घेतले तर साधारण १२ ते १६ सत्रं लागतात. पहिल्याच भेटीत विचारा: 'सरावाचे प्रयोग करून घेता का, की फक्त बोलणं होतं?' या तक्रारीसाठी प्रयोग हवेतच. जवळ कुणी नसेल किंवा मन फारच खचलं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा. सोमवारी वही आणि १२ प्रसंगांची यादी. मंगळवारी सातवीच्या आठवणीचा दोन रकान्यांचा कागद. बुधवारी आणि गुरुवारी टपरीवरचा पाच मिनिटांचा लक्षाचा सराव. शुक्रवारी व्हॉइस मेसेज, न ऐकता. शनिवारी तीन मिनिटांचं चित्रण, आधी भाकीत लिहून. रविवारी वही वाचून काढा आणि किती भाकितं खरी ठरली ते मोजा. त्यातलं सर्वांत मोठ्या फरकानं फसलेलं भाकीत निवडा. पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये तेच पुन्हा तपासायचं आहे, एक कुबडी कमी करून.